सुरुवातीचा उशीर

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याशेजारी गुमगावला मँगनीजची खाण आहे. मॉयल या सरकारी कंपनीची, जमिनीखाली उतरून खणायची. तिथून निघणारा काळा दगड बहुतेक सगळा पोलादाच्या कामी जातो. पण याच धातूचं एक संयुग खाप्यातल्याच काय, महाराष्ट्रातल्या विज्ञान शाखेच्या जवळपास प्रत्येक मुलाच्या हातून गेलेलं असतं. पोटॅशियम परमँगनेट. ब्युरेटमधलं जांभळं पाणी.

खाली शंकुपात्रात ऑक्झॅलिक आम्ल, त्यात थोडं सल्फ्युरिक, आणि पात्र चांगलं गरम. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. मुलगा दचकतो. एन्ड पॉइंट इतक्यात आला? पात्र फिरवत राहिलं की रंग सावकाश ओसरतो. दुसरा थेंब जरा लवकर जातो. मग एक वेळ अशी येते की थेंब द्रवाला टेकतो न टेकतो तोच रंग नाहीसा.

काय बदललं? आम्ल तेच, उष्णता तीच. बदललं इतकंच की पहिल्या थेंबातलं परमँगनेट खर्ची पडून मँगनीजचे साधे आयन पात्रात आले, आणि हे आयन त्याच अभिक्रियेला वेग देतात. जे आधी झालं ते पुढच्याला वाट करून देतं. पहिल्याला मात्र कुणीच नसतं.

याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न आहे. दोन मार्क कमीच दिलेत.

*

द्रावणात धातूचे नॅनोकण तयार होतात तेही पुष्कळदा याच चालीनं. 1997 मध्ये वॉट्झ्की आणि फिंकी यांनी इरिडियमच्या कणांचा अभ्यास करून दोन ओळींचा हिशोब मांडला. पहिली ओळ: विरघळलेलं संयुग सावकाश, आपल्या आपण, धातू होतं. दुसरी ओळ: एकदा धातू झाला की त्याच्याच पृष्ठभागावर उरलेलं संयुग झपाट्यानं धातू होतं. दोन्ही ओळींचे वेग वेगळे, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. आलेख काढला तर आधी लांबलचक सपाट रेघ दिसते, मग चढ.

सपाट रेघेच्या काळात पात्राकडे बघणाऱ्याला वाटतं, प्रयोग फसला. द्रावण आहे तसंच आहे. अशा वेळी अधीर माणूस उष्णता वाढवतो नाहीतर रसायन वाढवतो, आणि मग जे निघतं त्याला आकारउकार राहत नाही.

वाढ दिसते. सुरुवात दिसत नाही. म्हणून श्रेय नेहमी वाढीच्या खात्यावर जमा होतं.

*

सुरुवात अवघड का, याचं उत्तर भूमितीत आहे.

विरघळलेले अणू एकत्र आले की त्यांना स्थैर्य मिळतं. ही कमाई घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. पण एकत्र आल्याबरोबर पृष्ठभाग तयार होतो, आणि पृष्ठभागावरच्या अणूला एका बाजूनं शेजार नसतो. हा खर्च त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. त्रिज्या लहान असताना वर्ग घनाला भारी पडतो. म्हणून लहान गोळा जमतो आणि मोडतो, जमतो आणि मोडतो. एका ठरावीक आकाराच्या पलीकडे गेला तरच त्याला वाढणं फायद्याचं. त्या आकाराला क्रांतिक त्रिज्या म्हणतात.

2 नॅनोमीटरचा सोन्याचा कण घ्या. (एका मिलिमीटरमध्ये 10 लाख नॅनोमीटर.) त्यात जेमतेम अडीचशे अणू मावतात आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास पृष्ठभागावर असतात. 20 नॅनोमीटरच्या कणात अडीच लाख अणू. व्यास दहापट, अणू हजारपट, आणि उघड्यावर असलेल्यांचं प्रमाण फारच थोडं.

लहानपणी सगळंच उघड्यावर असतं.

क्रांतिक त्रिज्येच्या अलीकडे किती गोळे जमले आणि विरघळले याची नोंद द्रावण ठेवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतात ते उरलेले. यशस्वी माणसांची चरित्रं वाचताना मला हे हटकून आठवतं.

*

साखरेच्या पाकात हे घरबसल्या बघायला मिळतं. गरम पाक उतरवला, निवला, आता त्यात मावते त्याहून जास्त साखर विरघळलेली आहे, तरी तो नितळच. कढईच्या कडेला सुकलेला एखादा खडा त्यात पडला किंवा चमच्यानं कुठं घासलं, की तिथून साखर धरायला लागते आणि बघता बघता सगळा पाक रवाळ. म्हणून जाणती बाई पाकाच्या कडा ओल्या फडक्यानं पुसून घेते आणि वर लिंबू पिळते. लिंबातल्या आम्लानं थोडी साखर फुटून तिचे दोन वेगळे प्रकार होतात आणि स्फटिकाच्या वाटेत येतात.

अतिसंपृक्त द्रावणाला फक्त निमित्त हवं असतं, एखादं बीज. काचेवरचा ओरखडा पुरतो, धुळीचा कण पुरतो, मागच्या प्रयोगाचा उरलेला डाग पुरतो.

सोन्याचं कलिल (द्रवात तरंगत राहणारे बारीक कण) करणारे म्हणूनच काचसामान आधी आम्लराजानं धुतात: तीन भाग तीव्र हायड्रोक्लोरिक, एक भाग तीव्र नायट्रिक. सोनं विरघळवणारं हेच द्रव्य. ज्या क्लोरोऑरिक आम्लापासून पुढं कण होणार ते मुळात याच मिश्रणात सोनं विरघळवून मिळतं. ज्यानं पात्र निर्बीज करायचं, त्याच्यातूनच बीजाची सामग्री यायची.

आणि बीज हवंच असेल तर मोजून घालतात. कलिलांचा अभ्यासक झिग्मोंडी यानं विसाव्या शतकाच्या आरंभी, फॅरडेच्या फॉस्फरसच्या पद्धतीनं केलेले इवले कण दुसऱ्या सोन्याच्या द्रावणात घालून त्यांच्यावर थर चढवले. सुरुवात एका पात्रात उरकायची आणि वाढ दुसऱ्यात. बिनबोलावलेलं बीज म्हणजे घाण, बोलावलेलं म्हणजे पद्धत.

*

आता पात्र विस्तवावर ठेवू.

क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं, अगदी विरळ द्रावण उकळतं आहे. खाली चुंबकी ढवळणी फिरते आहे. त्यात सोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं. थेंब थेंब नाही. पिवळेपणा जातो. पाणी नितळ होतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सोनं गेलं कुठं? नितळपणा थोडाच वेळ टिकतो. मग कुठूनसा करडा-निळसर झाक येते, शाई धुतलेल्या पाण्यासारखी मळकट. ती गडद होते, जांभळी होते, जांभळ्यात लाली चढते, आणि काही मिनिटांत पात्रात माणकाच्या रंगाचा लाल द्रव उकळत असतो. सोनेरी काही नाही. सोन्याचा सोनेरी रंग हा ढिगाचा गुण आहे. 20 नॅनोमीटरला सोनं लाल असतं, कारण त्यातले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे घेऊन हिरवा प्रकाश गिळतात.

ही रीत 1951 साली टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं तपासली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले, वाढीचा आलेख काढला. मधला तो मळकट निळा टप्पा कशामुळे येतो यावर पुढं अर्धशतक वाद चालला. आपल्या डोळ्यांदेखत उकळणाऱ्या पात्रात काय घडतं ते ठरवायला पन्नास वर्षं! रसायनशास्त्राला घाई नसते. घाई रसायनशास्त्रज्ञांना असते.

*

या पात्रातलं सायट्रेट एकाच वेळी तीन कामं करतं. सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचं क्षपण करतं. तयार कणाला चिकटून त्यावर ऋण प्रभार बसवतं, म्हणजे कण एकमेकांना दूर ढकलतात. आणि द्रावणाची आम्लता सांभाळतं.

1973 मध्ये फ्रेन्सनं दाखवलं की सोनं तेवढंच ठेवून सायट्रेटचं प्रमाण बदललं की कणाचा आकार बदलतो, सुमारे 16 नॅनोमीटरपासून 147 पर्यंत. सायट्रेट जास्त तर कण लहान. साधी बुद्धी उलट सांगते: खत जास्त तर रोप मोठं. इथं सोनं मोजकं आहे. सायट्रेट जास्त असलं की टिकून राहणारी बीजं जास्त होतात आणि तेच सोनं जास्त जणांत वाटलं जातं.

कण किती मोठा होणार हे त्याच्या भुकेवर ठरत नाही. पंगतीला किती जण बसले त्यावर ठरतं.

*

एक योगायोग इथं सांगण्यासारखा आहे. मँगनीजच्या खनिजात नवा धातू आहे हे 1774 साली ओळखणारा कार्ल शेले हा स्वीडनमधला औषधविक्या. (प्रत्यक्ष धातू वेगळा केला त्याच्या मित्रानं, गाननं, त्याच वर्षी.) साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ऑक्झॅलिक आम्ल मिळवणारा तोच. आणि 1784 मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक काढणाराही तोच. म्हणजे गुमगावचा काळा दगड, शंकुपात्रातलं आम्ल आणि सावनेर-काटोलकडच्या संत्र्यातली आंबट चव, तिन्हींच्या रसायनशास्त्रात एकाच माणसाचे हात. त्यानं कुठल्या विद्यापीठात पदवी घेतली नव्हती. तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला.

आज प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं सायट्रेट लिंबातून येत नाही, संत्र्यातून तर नाहीच. काळ्या बुरशीला साखरेच्या पाण्यावर वाढवून सायट्रिक आम्ल काढतात, गेली शंभर वर्षं.

*

गुमगाव, कोदेगाव, रामडोंगरी, पलीकडे मनसर, कांद्री. मँगनीजचा हा पट्टा नागपूर-भंडारा-बालाघाटभर पसरलेला आहे. एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकानं 1909 मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यानं गोंडांवरून गोंडाइट नाव दिलं, आणि ते जगभर चालतं.

हा दगड मुळात गाळ. फार जुन्या समुद्राच्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं होतं, ते खाली बसलं, गाडलं गेलं, दाबानं आणि उष्णतेनं बदललं. आणि पाण्यातलं मँगनीज बाहेर पडण्याची तऱ्हाही तीच: नुसत्या हवेनं ते फार रेंगाळत ऑक्साइड होतं, पण काळ्या ऑक्साइडचा पातळ थर कुठं बसला की त्या थरावर पुढचं भराभर बसत जातं. शंकुपात्रातली खोड समुद्रालाही आहे.

*

सगळे कण सारख्या आकाराचे कसे होतील? नॅनोकणांच्या धंद्यातला हा कळीचा प्रश्न. आकार बदलला की रंग बदलतो, वितळणबिंदू बदलतो, उत्प्रेरक म्हणून ताकद बदलते. दहा आकारांचं मिश्रण म्हणजे दहा पदार्थांची खिचडी.

1950 साली व्हिक्टर ला मेर आणि रॉबर्ट डिनेगर यांनी एक विचार मांडला, तो आजही पहिल्या तासाला शिकवतात. द्रावणातल्या सुट्या अणूंचं प्रमाण वाढत जातं. संपृक्ततेची रेषा ओलांडते, तरी काही होत नाही. आणखी वाढतं. मग एका उंचीवर बीजांचा एकदम भडका होतो. त्या भडक्यात अणू खर्च होऊन प्रमाण घसरतं, आणि नवी बीजं पडायची थांबतात. त्यापुढं फक्त वाढ. सगळी बीजं एका वेळची, म्हणून सगळे कण एका मापाचे.

सारखेपणा हा एका वयाचा गुण आहे. ज्या पात्रात एकीकडे वाढ चालू आहे आणि दुसरीकडे नवे जन्म होताहेत, तिथं थोरले-धाकटे राहणारच.

दुसऱ्याच वर्षी राइसनं त्यात भर घातली. कणापर्यंत अणू पोचण्याचा वेग हीच अडचण असेल आणि द्रावणात अणूंची रेलचेल असेल, तर लहान कणाची त्रिज्या मोठ्यापेक्षा वेगानं वाढते. धाकटे थोरल्यांना गाठत जातात. रेलचेल संपली की मात्र चक्र उलटं फिरतं.

*

उलटं फिरतं म्हणजे काय, ते रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डनं ला मेरच्या पन्नास वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. लहान कणाचा पृष्ठभाग जास्त वक्र, म्हणून तिथला अणू सहज सुटतो. मोठ्या कणाच्या सपाट अंगावर तो सहज बसतो. द्रावणात नवी आवक नसली की लहान विरघळत जातात आणि त्यांच्या अणूंवर मोठे पोसतात. कुणी कुणाला धक्का मारत नाही. मधल्या पाण्यातून सगळा व्यवहार गुपचूप होतो. 1961 मध्ये लिफ्शिट्झ, स्लियोझोव्ह आणि वॅग्नर यांच्या गणितानं त्याचा वेगही बांधून दिला: सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या वाढत असते आणि कणांची संख्या घटत असते. सरासरी बघणाऱ्याला प्रगतीच दिसते.

खापा एकेकाळी हातमागाचं गाव. कन्हानच्या काठी कोष्ट्यांची वस्ती, सुती लुगडी-धोतरं. 1877 च्या जानेवारीत नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत नागपूरभोवतीच्या अशा गावांचं काय झालं ते सांगायला ऑस्टवाल्डची गरज नाही. पण राइसचं वाक्य मात्र इथं ऐकण्यासारखं आहे. लहान विरघळतो तो लहान आहे म्हणून नव्हे. आवक आटली म्हणून. रेलचेल असताना तोच लहान मोठ्याहून वेगानं वाढत होता.

उपमा इथंच सोडलेली बरी. अणूला घर नसतं, मागावर बसून तयार झालेला हात नसतो, आणि कणातून सुटताना त्याला विचार पडत नाही. माणसांच्या स्थलांतराला निसर्गनियम म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं. बहुधा ते मोठ्या कणावर बसलेले असतात.

*

वाढ थांबवणं ही वेगळीच विद्या. धातूच्या कणांना एकमेकांची ओढ असते. मोकळं सोडलं तर ते भेटतात, चिकटतात आणि तळाशी काळा गाळ होऊन बसतात. सायट्रेटचा प्रभार त्यांना दूर ठेवतो. त्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका: मिठाचे आयन प्रभाराला झाकून टाकतात, कण जवळ येतात, लाल द्रव निळा पडतो. हे फॅरडेनं 1857 मध्येच नोंदवलं. सोन्याच्या क्षारात फॉस्फरस मिसळून त्यानं माणकी रंगाचं पाणी केलं, हे सोनंच आहे, फक्त फार बारीक, असं सांगितलं, आणि मीठ घालून ते निळं करून दाखवलं. कण बघण्याचं साधन नव्हतं तेव्हा. प्रकाशाचा झोत टाकून बाजूनं बघायचा, एवढंच.

जिलेटिन आधी घातलं तर मीठही काही करू शकत नाही. कुठलं प्रथिन किती राखण करतं याचं मापच झिग्मोंडीनं 1901 मध्ये ठरवलं, ‘सुवर्णांक’ म्हणून. त्याला 1925 चं नोबेल पारितोषिक मिळालं, ते अशाच कलिलांच्या कामासाठी.

आणि हे फार दूरचं वाटत असेल तर खाप्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात जावं. गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ सहसा सोन्याच्या कणांची असते. कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. लघवीत गर्भारपणाचं संप्रेरक असलं की ते त्या कणांना रेघेवर पकडून ठेवतं. कण विखुरलेले असेपर्यंत पट्टी पांढरी, रेघेवर जमले की लाल. कोरोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून बघितलेल्या पुष्कळशा अँटिजेन पट्ट्याही याच जातीच्या. सोन्याचा भाव तोळ्याला लाखावर गेला तरी ही पट्टी शंभरच्या आत मिळते, कारण रेघेला लागणारं सोनं अगदी नगण्य. सोनाराच्या तराजूवर त्याचं वजनच पडणार नाही, आणि एखाद्या घरात त्याच्याइतकी वाट दुसऱ्या कुठल्या सोन्याची बघितलेली नसेल.

*

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 च्या जानेवारीत सुरू झाली, म्हणजे ला मेरच्या लेखाच्याच वर्षी. तिथं मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला एक वेगळी वाट धरली. आधी बुरशीकडून सोन्या-चांदीचे कण करवून घेतले, मग झाडपाल्याकडून. 2004 मध्ये त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यानं सोन्याचे आणि चांदीचे कण केले. त्याच वर्षी गवती चहाच्या काढ्यानं सोन्याचे चक्क त्रिकोण. पातळ, चपटे, कोपरे असलेले. चहात टाकायच्या पात्यांतून! त्यांनी लावलेला अर्थ असा की आधी गोल कण झटपट होतात, काढ्यातल्या द्रव्यांमुळे त्यांचा पृष्ठभाग जणू ओलसर, वाहता राहतो, आणि ते एकमेकांत मिसळून त्रिकोणाचे स्फटिक होतात. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानं बुरशीपासून चांदीचे कण करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, तेही याच काळात.

हे काम अस्सल. त्यामागून जे आलं त्याबद्दल मात्र तितकं चांगलं बोलवत नाही. आज कुठलंही झाड राहिलेलं नाही. पाला उकळा, चांदीच्या नायट्रेटमध्ये ओता, द्रावण तपकिरी होतं, वर्णपटात चारशेवीस नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा येतो, सूक्ष्मदर्शकाचं एक चित्र, चार जिवाणूंवर चाचणी, झाला निबंध. तुळस झाली, कोरफड झाली, सीताफळ झालं. काढ्यात शेकडो द्रव्यं असतात. त्यांतलं कुठलं क्षपण करतं, कुठलं कणाला चिकटतं, बीज कधी पडलं, थांबलं का आणि कशानं, हे विचारल्याशिवाय नुसतं झाड बदलणं म्हणजे पाककृती, रसायनशास्त्र नव्हे. पाल्यानं कण होतात हे आता सिद्ध झालं आहे. पुन्हा सिद्ध करू नये.

सुवर्णभस्माचा दाखला देऊन पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होतं म्हणणाऱ्यांचं एक सोपं आहे, त्यांना उकळतं पात्र बघावं लागत नाही. भस्माची वाट पुन्हा पुन्हा घोटण्याची आणि पुटं देण्याची, म्हणजे भाजण्याची: मोठं घेऊन बारीक करत जायचं. द्रावणाची वाट उलटी, अणूकडून वर. शेवटी दोन्हीकडे बारीक कण सापडतातही. म्हणून वाटा एक होत नाहीत. भस्म करणाऱ्या वैद्यांची कसोटी होती ती भस्म पाण्यावर तरंगतं का, बोटांच्या रेषांत शिरतं का ही. ती त्यांच्या कामाला चोख कसोटी होती, आणि तेवढा मान पुरेसा आहे.

*

ला मेरबद्दल एक राहिलं.

त्यानं आणि डिनेगरनं तो आलेख काढला तेव्हा त्यांच्या पात्रात सोनं नव्हतं, चांदीही नव्हती. गंधक होतं. सोडियम थायोसल्फेटच्या फार विरळ द्रावणात आम्ल घालून सावकाश तयार होणारं गंधकाचं कलिल. त्यातले कण इतके एकसारखे येत की प्रकाशझोताकडे वेगवेगळ्या कोनांतून बघितलं तर लाल-हिरव्याचे पट्टे दिसत. त्या गंधकासाठी तो विचार नीट बसतो: अणू जमतात, भडका होतो, मग वाढ.

पुढं नॅनोकणांचं युग आलं, आणि तीच रेघ प्रत्येक धातूला लावली गेली. सोन्याच्या पात्रात खरोखर भडका होतो का, हे तपासायला साधनं हवी होती. 2010 मध्ये बर्लिनच्या पोल्ट आणि सहकाऱ्यांनी टर्केविच पात्रातला द्रव घेऊन त्यावर क्ष-किरण टाकले आणि कणांचा आकार व संख्या वेळेनुसार मोजली. दिसलं ते असं: सुरुवातीला इवले कण होतात, मग ते आपसात मिसळतात आणि त्यांची संख्या घटते. पुढं काही काळ संथ वाढ. आणि कण 4-5 नॅनोमीटरच्या घरात गेले की उरलेलं सगळं सोनं झपाट्यानं त्यांच्यावर बसतं, अगदी शंकुपात्रातल्या परमँगनेटसारखं. वॉट्झ्की-फिंकींच्या हिशोबात तर भडका लागतच नाही; बीजं सावकाश, सतत पडत राहतात, आणि तरीही कण बऱ्यापैकी सारखे निघतात, कारण वाढ जन्मापेक्षा कितीतरी वेगवान असते.

म्हणजे सारखेपणाला एकच कारण नाही. गंधकाचं वेगळं, सोन्याचं वेगळं, इरिडियमचं वेगळं. आणि ज्या पात्रात गवती चहा आहे त्याचं अजून वेगळं.

ला मेरचा आलेख चुकीचा नाही. तो जिथला आहे तिथं ठेवला पाहिजे, इतकंच. नागपूर असो, सावनेर असो, पदव्युत्तर वर्गाला कलिल शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. ती रेघ फळ्यावर जरूर काढा. पण शेजारी ‘गंधक, 1950’ एवढं लिहा, आणि मुलं तीच रेघ सोन्याच्या उत्तरात उतरवायला लागली तर मार्क कापा.